हाजतची नमाज : तिचा आधार किती

दहावीचा निकाल, मुलीचं लग्न, आखातातल्या नोकरीचा व्हिसा, घरातल्या कुणाचं ऑपरेशन. अशा वेळी कोकणातल्या मुस्लीम घरांत कुणीतरी सांगतंच, "हाजतची नमाज पढ." हाजत म्हणजे नड, गरज. नीट वजू करायची, दोन रकात नफल, म्हणजे ऐच्छिक, नमाज पढायची, अल्लाहची स्तुती करायची, पैगंबरांवर दुरूद पाठवायचं आणि मग एक ठरावीक दुआ म्हणून आपलं मागणं मांडायचं. आईनं मुलीला शिकवलेली, छोट्या पुस्तिकांत छापलेली, आता मोबाइलवर फिरणारी ही नमाज. आणि त्याच घरांतून आता दुसरा आवाजही येतो: ही नमाज रसूलांनी शिकवल्याचा भक्कम पुरावा नाही, तिची हदीस कच्ची आहे, ती सोडा.

हा वाद मी पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे. इथे तो दोघांच्या तोंडी घातला आहे. एक खाला. मोहल्ल्यातल्या मुलींना कुरआन शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कोकणातल्या बहुतेक मुसलमानांप्रमाणे त्या शाफई पंथाच्या. दुसरा त्यांच्या बहिणीचा मुलगा, आखातात नोकरी करता करता हदीसचा अभ्यास करून आलेला. पात्रं माझी आहेत, मुद्दे खरे आहेत. जुनी माणसं भाबडी आणि शिकलेली पोरं कोरडी, असं चित्र अशा वादांत रंगवलं जातं. ते मला मान्य नाही. या दोघांनाही दीन कळतो आणि दोघांनाही त्याची कळकळ आहे.

भाचा : खाला, शेजारच्या भाभींना तुम्ही हाजतच्या नमाजेचा कागद दिलात. वर लिहिलंय, रसूलुल्लाहनी ही नमाज शिकवली. कुठे, कुणाला, कुणाच्या तोंडून आपल्यापर्यंत आली, यातलं काहीच त्या कागदावर नाही.

खाला : कागदावर नसेल, तिर्मिजींच्या ग्रंथात आहे, इब्ने माजांच्या ग्रंथात आहे. दोघांनी त्या प्रकरणाला नावच 'हाजतची नमाज' असं दिलंय. अब्दुल्ला इब्ने अबी औफा सांगतात, ज्याला अल्लाहकडे किंवा एखाद्या माणसाकडे काही काम असेल त्यानं वजू करावी, दोन रकात पढाव्यात, हम्द करावी, दुरूद म्हणावं आणि मग ही दुआ करावी. तिर्मिजी ८९२ साली वारले. म्हणजे अकराशे वर्षांहून जुनी नोंद आहे ही. मी मनानं बसवलेली नाही.

भाचा : तुम्ही बसवली असं मी म्हणतच नाही. पण तिर्मिजींनी त्याच हदीसखाली काय लिहिलंय, तेही सांगा ना.

खाला : लिहिलंय, ठाऊक आहे मला. हदीस गरीब आहे, म्हणजे एकाच वाटेनं आलेली. सनदीबद्दल बोलायला जागा आहे.

भाचा : आणि फाइद हा रावी दुबळा आहे, हेही नाव घेऊन लिहिलंय.

इथे थोडं थांबायला हवं, कारण वादाचं मूळ या एका माणसापाशी आहे. हदीसला दोन अंगं असतात. एक मजकूर आणि दुसरी सनद, म्हणजे तो मजकूर कुणी कुणाकडून ऐकला त्या नावांची साखळी; तिच्यातला प्रत्येक सांगणारा म्हणजे रावी. मजकूर कितीही सुंदर असो, साखळीतली एक कडी निकामी निघाली की त्या हदीसवर भार टाकता येत नाही. हाजतच्या हदीसची साखळी कूफा शहरातली आहे. अब्दुल्ला इब्ने अबी औफा हे पैगंबरांचे सहाबी, कूफ्यात सर्वांत शेवटी वारलेले. त्यांच्याकडून ही हदीस सांगणारा एकच माणूस, फाइद इब्ने अब्दुर्रहमान, अबुल वर्का या कुन्यतीनं ओळखला जाणारा. इमाम अहमद इब्ने हंबल यांनी त्याला 'मतरूक' ठरवलं, म्हणजे ज्याची हदीस घेणं सोडून द्यावं असा. अबू हातिम राजी तर म्हणाले की इब्ने अबी औफांच्या नावावर तो जे सांगतो ते निराधार आहे. नेमकी हीच जोडी आपल्या हदीसमध्ये आहे. हाकिम यांनी ही हदीस आपल्या 'मुस्तदरक'मध्ये घेतली आणि फाइदला बरं म्हटलं, पण त्याच हाकिमांच्या नावे असाही शेरा नोंदला गेला आहे की फाइदनं इब्ने अबी औफांच्या नावावर बनावट हदिसा सांगितल्या. पुढे जहबींनी हाकिमांना दुरुस्त करत फाइद मतरूकच आहे असं लिहिलं. इब्नुल जौजी यांनी ही हदीस सरळ बनावट हदिसांच्या संग्रहात टाकली.

मला यात मोठी वाटते ती तिर्मिजींची सचोटी. त्यांनी हदीस लपवली नाही आणि तिचा दोषही लपवला नाही, दोन्ही एकाच पानावर ठेवलं. आपल्या पुस्तिकांनी मात्र हदीस उचलली आणि शेरा मागे ठेवला.

खाला : बरं, रावी दुबळा. पण दुबळं म्हणजे खोटं नव्हे. आमचे इमाम नववी सांगतात की हलाल-हराम ठरवायचं नसेल, नुसत्या पुण्यकर्माचा प्रश्न असेल, तर जईफ हदीसवर अमल करता येतो. यात हराम काय आहे? वजू आहे, नमाज आहे, दुरूद आहे, दुआ आहे. यातला कुठला तुकडा दीनच्या बाहेरचा आहे, दाखव.

भाचा : तुकडा एकही नाही. पण नववींच्या मागून आलेले इब्ने हजर, तेही शाफईच, त्यांनी या सवलतीला तीन अटी घातल्या. हदीस फार दुबळी नसावी. तिचा विषय दीनच्या एखाद्या पक्क्या तत्त्वात बसावा. आणि अमल करताना ही गोष्ट रसूलांपासून सिद्धच आहे असं मानू नये. दुसरी अट ही नमाज पुरी करते. पहिली नाही, कारण मतरूक रावीची हदीस 'फार दुबळी'च असते. आणि तिसरी तर आपण रोज मोडतो. तुमच्या कागदाची पहिलीच ओळ पाहा.

खाला : (थोड्या वेळानं) त्या ओळीचं मी बघते. पण तू एकाच हदीसवर अडून बसलायस. त्या दृष्टिहीन माणसाचं काय? उस्मान इब्ने हुनैफ सांगतात, तो रसूलांकडे आला आणि म्हणाला, माझ्यासाठी दुआ करा. रसूल म्हणाले, तू म्हणशील तर दुआ करतो, पण सब्र केलंस तर ते तुझ्यासाठी अधिक चांगलं. तो म्हणाला, दुआच करा. मग त्यांनी त्याला वजू करायला, दोन रकात पढायला आणि दुआ म्हणायला सांगितलं. तिर्मिजींनी ही हदीस सही मानली आहे. तुमचे ते हदीसचे अभ्यासक अल्बानीसुद्धा मानतात.

भाचा : मानतात, मीही मानतो. पण तिर्मिजींच्या पाठात वजू आणि दुआ आहे, दोन रकात नाहीत. त्या इब्ने माजांच्या आणि अहमदांच्या पाठात आहेत.

खाला : म्हणजे आहेत ना?

भाचा : आहेत. पण तो माणूस रसूलांसमोर उभा होता. त्यानं त्यांच्याकडे दुआ मागितली, त्यांनी ती केली, आणि त्याच्या तोंडी जी दुआ दिली ती त्यांच्या त्या दुआशी जोडलेली होती. ती घटना सगळ्यांसाठी कायमची पद्धत झाली का, यावरच आलिमांत मतभेद आहेत. हजरत उस्मानांच्या खिलाफतीत एकानं तीच दुआ वापरली, ही तबरानींनी दिलेली पुढची गोष्ट अल्बानींनी स्वीकारली नाही.

खाला : दुसऱ्यांनी स्वीकारली.

या वाटेनं गेलं की वाद वसीला या प्रश्नात शिरतो. वसीला म्हणजे दुआ करताना पैगंबरांचा किंवा वलींचा आधार घ्यावा का, हा प्रश्न. त्यावर सातशे वर्षं लिहिलं जात आहे आणि दोन रकात नफलवर बोलायला त्याची गरज नाही. हाजतच्या नमाजेवरच्या किती बैठका मी याच वळणावर भांडणात संपताना पाहिल्या आहेत. खालांनी इथे विषय वळू दिला नाही, ते बरं केलं.

खाला : राहू दे ते. मला हे सांग, हुजैफांची गोष्ट अबू दाऊदमध्ये आहे की नाही? रसूलांवर एखादा कठीण प्रसंग आला की ते नमाजेला उभे राहत. आणि सूरह बकरात दोन ठिकाणी, पंचेचाळिसाव्या आणि एकशे त्रेपन्नाव्या आयतीत, सब्र आणि नमाज यांच्या आधारे मदत मागायला सांगितलंय. मग अडचणीत सापडलेल्या बाईनं दोन रकात पढून मदत मागितली, तर तिनं चूक काय केली?

भाचा : काहीच नाही. माझंही एवढंच म्हणणं आहे. हा आधार इतका पक्का आहे की फाइदच्या हदीसची गरजच उरत नाही. सजद्यात बंदा रबच्या सर्वांत जवळ असतो, तिथे खूप दुआ करा, हे सही मुस्लिममध्ये आहे. नफल पढा, सजद्यात मागा, रात्रीच्या शेवटच्या प्रहरी मागा. पण ही वेगळी नमाज आहे, तिची ही रीत रसूलांनी घालून दिली, असं म्हणायचं तर पुरावा हवा.

खाला : मग इस्तिखारा कसा चालतो तुला?

भाचा : तो बुखारींनी दिलाय म्हणून. जाबिर सांगतात, रसूल आम्हाला कुरआनची सूरह शिकवावी तसा इस्तिखारा शिकवत. आता तुम्हीच विचार करा. माणसाला निर्णय कधीमधी घ्यावा लागतो, गरज रोज पडते. रोजच्या गरजेसाठी खास नमाज शिकवली असती, तर ती पन्नास सहाबींनी ऐकली असती, पुढे शिकवली असती. ती एका फाइदच्या तोंडूनच का यावी?

या प्रश्नाला खालांकडे सरळ उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. भाच्याच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा मला हाच वाटतो. नुसतं 'रावी दुबळा' म्हणण्यापेक्षा तो खोल जातो. सौदी अरेबियाच्या फतवा समितीनंही हाजतच्या नमाजेच्या हदिसा दुबळ्या आणि अमलाला आधार होऊ न शकणाऱ्या ठरवल्या आहेत. पण खालांनी दुसऱ्या बाजूनं जे मांडलं, तेही हलकं नाही.

खाला : पन्नास सहाबींचा हिशेब तू करतोस, मग चार मजहबांचाही कर. आमच्या नववींनी ही नमाज आपल्या ग्रंथात घेतली. हंबली इब्ने कुदामांनी 'मुगनी'त तिच्यावर वेगळा भाग लिहिला. हनफी इब्ने आबिदीनांपर्यंत ती मुस्तहब, म्हणजे पढलेली चांगली, अशा नमाजांत मोजत आले. या लोकांना फाइद माहीत नव्हता? त्यांनी हदीस दुबळी आहे हे जाणून ती नमाज ठेवली, कारण तिच्या पोटात जे आहे ते सगळं दीनचंच आहे. शेकडो वर्षं उम्मत जे पढत आली, ते तू एका वर्गात बसून खोडणार?

भाचा : खोडत नाही. पण त्या ग्रंथांतच पाहा, रकातींवर एकमत नाही. हनफी ग्रंथांत कुठे दोन, कुठे चार, कुठे बारा. रसूलांनी घालून दिलेली रीत असती तर असं झालं नसतं. आणि बारा रकातींचं ते प्रकरण, सजद्यात सूरह फातिहा आणि आयतुल कुर्सी पढायचं, ते तर...

खाला : ते माझ्यासमोर काढू नकोस. ते मी कधी शिकवलं नाही. सजद्यात कुरआन पढायला रसूलांनी मनाई केली, हे मी दहा वर्षांच्या पोरींना सांगते. तो कागद माझ्याकडे आला तर मी फाडते.

त्या बारा रकातींच्या हदीसचा एक रावी उमर इब्ने हारून बल्खी. यह्या इब्ने मईन यांनी त्याला खोटारडा म्हटलं आहे. इब्नुल जौजींनी तीही हदीस बनावट ठरवली. इथे दोघांत मतभेद नाही. तरीही बारा रकाती, सजद्यातल्या फातिहा, आणि शेवटी 'मूर्खांना ही दुआ शिकवू नका, ते काहीही मागून मिळवतील' असा इशारा, हे सगळं अजून छापलं जातं. दोन रकातींच्या नमाजेवर मतभेदाला जागा आहे. या बारा रकातींवर मला तशी जागा दिसत नाही.

भाचा : खाला, मला सर्वांत जास्त टोचते ती कागदाची शेवटची ओळ. 'हमखास मुराद पूर्ण होते.' कुणी दिला हा शब्द?

खाला : ती ओळ मी लिहिलेली नाही.

भाचा : पण तुमच्या हातून गेली.

खाला : (बराच वेळ गप्प राहून) पलीकडच्या गल्लीतली एक पोरगी, माझ्याकडेच शिकलेली. तिचं बाळ इस्पितळात होतं. ती रोज रात्री इशानंतर दोन रकात पढायची. बाळ गेलं. चाळिसाव्याच्या नंतर माझ्याकडे आली आणि विचारलं, "खाला, माझी दुआ चुकली का? अत्तहिय्यातमध्ये अडखळले म्हणून झालं का हे?" मी तिला मिठीत घेतलं. उत्तर मला देता आलं नाही. त्या ओळीनंच तिला तो प्रश्न दिला होता.

भाचा : तिला सांगायला हवं होतं की दुआ तीन प्रकारे कबूल होते. कधी मागितलेलं मिळतं, कधी ते आखिरतसाठी ठेवलं जातं, कधी त्याच्या बदल्यात तेवढंच एखादं संकट टळतं. अबू सईद खुदरींची हदीस आहे, मुस्नद अहमदमध्ये.

खाला : नंतर सांगितलं. पण आधी सांगायला हवं होतं, नमाज शिकवतानाच. आणि उलटंही बघते मी. फर्ज नमाजांचा पत्ता नाही, फज्रला कधी उठत नाहीत, आणि व्हिसा अडकला की विचारायला येतात, हाजतची नमाज किती रकात? मी त्यांना सांगते, आधी आजची असर पढ, मग बोलू.

भाचा : मग आपण एक करू. त्या कागदावर फाइदच्या हदीसऐवजी इब्ने अब्बासांची दुआ घालू, संकटाच्या वेळी रसूल जी पढत ती. बुखारी आणि मुस्लिम, दोघांकडे आहे. आणि तिचे शब्दही तुमच्या दुआच्या सुरुवातीशी फार जवळचे आहेत.

खाला : ती घाल. पण माझी दुआ मी सोडणार नाही. तिच्यात माफी मागितली आहे, चांगल्या कामांची तौफीक मागितली आहे. माझ्या आईनं मला शिकवली. रसूलांचे शब्द म्हणून नको म्हणू, पण अल्लाहच्या एका बंदीची दुआ म्हणून तरी पढू देशील?

भाचा : दुआ कुठल्याही चांगल्या शब्दांत करता येते. ती कोण अडवणार?

खाला : आणि बिदअत हा शब्द? तो तू तुझ्या आईच्या दोन रकातींना लावला होतास.

भाचा : नमाजेला लावला असेल तर मी तो मागे घेतो. दीनमध्ये नसलेली गोष्ट दीन म्हणून घातली तर ती परत फिरवली जाते, ही हजरत आयशांची हदीस मी त्या पहिल्या ओळीला लावतो, 'रसूलांनी शिकवली' म्हणणाऱ्या ओळीला. आणि शेवटच्या ओळीलाही.

खाला : पहिल्या ओळीबद्दलचं तुझं म्हणणं मी अजून पुरतं मानलेलं नाही. ज्यांनी ही नमाज ठेवली, ते माझ्याहून आणि तुझ्याहून मोठे होते. शेवटची ओळ आजच काढते.

दोघांचं पूर्ण पटलं नाही, आणि ओढून-ताणून पटवण्याचीही गरज नाही. माझं मत मात्र स्पष्ट आहे. अडचणीत सापडलेल्या माणसानं वजू करून दोन रकात पढाव्यात आणि मागावं, याला कुरआनचा, अबू दाऊदमधल्या हुजैफांच्या हदीसचा आणि त्या दृष्टिहीन माणसाच्या हदीसच्या काही पाठांचा आधार आहे. तो आधार पुरेसा आहे. पण 'हाजतची नमाज' नावाची, ठरावीक दुआ असलेली, पैगंबरांनी घालून दिलेली वेगळी नमाज, हे विश्वासार्ह सनदीनं सिद्ध होत नाही. ज्या फकीहांनी ती मुस्तहब मानली, त्यांच्या अनुयायांना तिच्यावरून कुणी बिदअती म्हणू नये, आणि जो ती पढत नाही त्याला कुणी दुआचा मुनकर, म्हणजे दुआ नाकारणारा, म्हणू नये.

महाराष्ट्रातल्या मशिदींमध्ये शाफई, हनफी आणि अहले-हदीस एकमेकांच्या शेजारी उभे राहतात, निदान अनेक ठिकाणी राहतात. त्यांच्या इमामांनी जुम्याच्या एखाद्या बयानात हा विषय घ्यावा, रावीचं नाव घेऊन, तिर्मिजींचा शेरा वाचून दाखवून घ्यावा. ऐकणाऱ्यांना हे समजत नाही असं समजू नये. मक्तबमध्ये शिकणाऱ्या मुलीही रावी आणि सनद म्हणजे काय हे चटकन उचलतात.

दुआंच्या पुस्तिका छापणाऱ्यांना आणि मोबाइलवर पुढे पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे. ही हदीस छापायचीच असेल तर तिर्मिजींनी तिच्याखाली लिहिलेला शेराही तिच्याखाली छापा. बारा रकातींचं पान काढून टाका. आणि 'हमखास मुराद पूर्ण होते' हे वाक्य जिथे जिथे असेल तिथून खोडा. ते वाक्य खरं मानून सजद्यात जाणाऱ्या आया आजही प्रत्येक मोठ्या इस्पितळाच्या आवारात बसलेल्या आहेत.